स्वस्त मासिकांवरची चित्रं आज कोटींना का विकली जातात? आणि मराठी मुखपृष्ठांची मूळ चित्रं गेली कुठे?

बल्लारपूरच्या माणसाला लगदा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातला बांबू पेपर मिलमध्ये येतो, त्याचे तुकडे होतात, तो रसायनांत शिजतो आणि त्याचा लगदा बनतो. तो पसरवून, पिळून, वाळवला की कागद तयार. १९४५ साली स्थापन झालेल्या इथल्या कंपनीनं बल्लारपूरचं नाव देशभर नेलं ते याच कागदामुळे.

या लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात. अमेरिकेत याच शब्दावरून मासिकांच्या एका अख्ख्या प्रकाराला नाव पडलं, पल्प मॅगझिन. स्वस्त कागद, स्वस्त किंमत, आत मारामारी, रहस्य, प्रेम आणि भुतं. लोक ती वाचायची आणि फेकून द्यायची. आज मात्र त्या मासिकांच्या मुखपृष्ठांसाठी काढलेली मूळ चित्रं लिलावात लाखो डॉलरना जातात.

आपल्याकडेही अशी मासिकं होती. तशीच भडक, देखणी मुखपृष्ठं होती आणि ती काढणारे नावाजलेले चित्रकार होते. मग त्यांच्या मूळ चित्रांचं काय झालं? ती कुठे सापडू शकतात, कशी ओळखायची आणि कायदा काय सांगतो? सविस्तर जाणून घेऊया.

पल्प मासिकं म्हणजे नेमकं काय?

सुरुवात झाली १८९६ मध्ये. फ्रँक मन्सी या प्रकाशकानं आपलं 'आर्गसी' हे मासिक पूर्णपणे कथांचं केलं आणि ते सगळ्यात स्वस्त कागदावर छापलं. त्याचं गणित सोपं होतं. वाचकाला गुळगुळीत कागद नको, गोष्ट हवी. कागदावरचा खर्च वाचवला तर किंमत कमी ठेवता येते आणि खप वाढतो.

पुढच्या काही दशकांत अशी शेकडो मासिकं निघाली. बहुतेकांची किंमत दहा सेंटच्या आसपास. आकार साधारण सात बाय दहा इंच. गुप्तहेर, काउबॉय, विमानं, परग्रह, भयकथा, प्रत्येक विषयाला वेगळं मासिक. याच्या उलट गुळगुळीत कागदावरची नियतकालिकं होती, त्यांना 'स्लिक' म्हणायचे. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' हे त्यातलं मोठं नाव.

आतला कागद कितीही हलका असला तरी मुखपृष्ठ मात्र चांगल्या कागदावर आणि रंगीत असायचं. कारण स्टॉलवर डझनभर मासिकं शेजारी शेजारी टांगलेली असताना गिऱ्हाइकाचा हात कुठे जाणार, हे मुखपृष्ठच ठरवायचं. म्हणून प्रकाशक चित्रकाराला पैसे मोजायचे. चित्रकार कॅनव्हासवर तैलरंगात, छापायच्या आकाराच्या कितीतरी पट मोठं चित्र काढायचे.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली. मग खिशात मावणारी पुस्तकं आली, टीव्ही आला. १९५० च्या दशकात पल्प मासिकांचा जमाना जवळपास संपला.

पिन-अप हा प्रकार कुठून आला?

पिन-अप म्हणजे भिंतीवर टाचणीनं लावायचं चित्र. बहुतेक वेळा हसऱ्या, थोड्या खट्याळ तरुणीचं. ही चित्रं मासिकांत यायची आणि त्याहून जास्त कॅलेंडरवर. मिनेसोटा राज्यातली ब्राउन अँड बिगेलो ही कंपनी अशी कॅलेंडरं छापायची. गॅरेज, हार्डवेअरची दुकानं, विमा एजंट आपलं नाव टाकून ती गिऱ्हाइकांना वाटायचे. आपल्याकडे किराणा दुकानदार देवादिकांचं कॅलेंडर वाटतो, तसंच.

या कंपनीसाठी काढणारा गिल एल्व्हग्रेन हा सगळ्यात गाजलेला पिन-अप चित्रकार. आधी मॉडेलचे फोटो काढायचे आणि त्यावरून ३० बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर तैलचित्र करायचं, ही त्याची पद्धत. 'एस्क्वायर' मासिकात १९४० पासून पेरूत जन्मलेल्या आल्बेर्तो वार्गास यांची चित्रं येऊ लागली. महायुद्धात ती सैनिकांच्या बराकीत आणि बॉम्बफेकी विमानांच्या नाकावर पोहोचली.

हे सगळं पुरुषांनी पुरुषांसाठी काढलेलं होतं, असं वाटू शकतं. पण तसं नाही. झोई मोझर्ट ही त्या काळातली मोठी पिन-अप चित्रकार आरशासमोर उभी राहून स्वतःच स्वतःची मॉडेल व्हायची. 'वीअर्ड टेल्स' या भयकथांच्या मासिकाची १९३० च्या दशकातली सगळ्यात वादग्रस्त मुखपृष्ठं मार्गारेट ब्रंडेज या बाईनं पेस्टलच्या खडूंनी काढली होती. पेस्टलची भुकटी हात लागला तरी निघते, त्यामुळे तिची मूळ चित्रं टिकवणं फार अवघड.

बाईला शोभेची वस्तू म्हणून दाखवणारी ही चित्रं आहेत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो खोटा नाही. पण त्या काळातला समाज बाईकडे कसा पाहत होता याचा पुरावा म्हणूनही अभ्यासक त्यांच्याकडे बघतात. म्हणूनच ही चित्रं आज संग्रहालयांतही आहेत.

फेकलेली चित्रं कोटींची कशी झाली?

प्रकाशकाच्या दृष्टीनं मूळ चित्र हा कच्चा माल होता. छपाई झाली की त्याचं काम संपलं. कॅनव्हास गोदामात पडायचे. जागा कमी पडली की कर्मचाऱ्यांना वाटले जायचे, नाहीतर कचऱ्यात जायचे. अनेक चित्रकारांनाही ते परत नेण्यात रस नव्हता, कारण 'खरी कला' म्हणून ते दाखवता येत नव्हतं. हजारो चित्रं अशी गेली.

फरक पडला तो मोजक्या संग्राहकांमुळे. चार्ल्स मार्टिनेट या माणसानं, बाजारात कुणी विचारत नव्हतं तेव्हा, चार हजारांहून जास्त मूळ चित्रं जमवली. रॉबर्ट लेसर यांनी पल्प मुखपृष्ठांच्या मागे आयुष्य घालवलं. त्यांचा संग्रह आज कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन म्युझियम ऑफ अमेरिकन आर्टकडे आहे. 'एस्क्वायर'नं आपल्याकडची चित्रं १९८० मध्ये कॅन्सस विद्यापीठाला दिली, त्यामुळे वार्गास यांची अनेक मूळ चित्रं तिथे एकत्र बघता येतात.

मग किमती वाढल्या. काही आकडे पाहा.

– मार्टिनेट २००८ मध्ये गेले. त्यांच्या संग्रहातलं एल्व्हग्रेनचं १९४७ चं एक पिन-अप २०११ मध्ये २,८६,८०० डॉलरना विकलं गेलं. म्हणजे तेव्हाच्या दरानं सव्वा कोटी रुपयांहून जास्त.

– 'ईरी' या भयकथांच्या मासिकासाठी फ्रँक फ्रझेटानं १९६९ मध्ये काढलेलं 'इजिप्शियन क्वीन' २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरना गेलं.

– 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'च्या १९५१ च्या एका मुखपृष्ठाचं मूळ चित्र, नॉर्मन रॉकवेलचं 'सेइंग ग्रेस', डिसेंबर २०१३ मध्ये ४ कोटी ६० लाख डॉलरना विकलं गेलं. तेव्हाच्या दरानं सुमारे २८५ कोटी रुपये.

रॉकवेलच्या या चित्राची मागची गोष्टही महत्त्वाची आहे. ते साप्ताहिकाचे कलासंपादक केनेथ स्टुअर्ट यांच्या घरी होतं. चित्राची किंमत लक्षात आल्यावर प्रकाशन कंपनीनं मालकीचा दावा केला, पण कोर्टात तो टिकला नाही आणि चित्र स्टुअर्ट यांच्या वारसांकडेच राहिलं. मूळ चित्र कुणाचं, हा प्रश्न चित्र छापताना कुणाच्या डोक्यात नसतो. तो अर्ध्या शतकानंतर येतो.

मराठीत असं काही होतं का?

होतं, आणि भरपूर होतं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला. तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. पुढे दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ हा स्वतःच एक प्रकार झाला आणि त्यात दोन नावं सगळ्यांच्या पुढे गेली. दोघंही मूळचे गोव्याचे.

पहिले दीनानाथ दलाल. जन्म १९१६, निधन १९७१. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठं त्यांच्या हातची आहेत. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'तली चित्रंही त्यांचीच.

दुसरे रघुवीर मुळगावकर. जन्म १९१८, निधन १९७६. त्यांच्या चित्रातली स्त्री लांबूनही ओळखू यायची. मऊ त्वचा, मोठे डोळे, अंगावर पडलेला दिव्याचा प्रकाश. रंगाच्या फवाऱ्याचा वापर करून ते हा गुळगुळीतपणा आणायचे. 'रत्नप्रभा' हा त्यांचा स्वतःचा अंक. घरोघरी कॅलेंडरवर दिसणारे देवही त्यांनी काढले. आणि तेच मुळगावकर बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड यांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही काढायचे. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. स्वस्त कागद, कमी किंमत, दर महिन्याला नवा माल. मराठीतलं पल्प म्हणायचं तर ते हेच.

तिसरं नाव एस. एम. पंडित यांचं. गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेले पंडित मुंबईत आले आणि त्यांनी हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या चित्रपटांची प्रसिद्धीचित्रं रंगवली. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'ची त्यांची मुखपृष्ठंही गाजली. अमेरिकन पद्धतीची झगमगीत रंगसंगती आपल्या सिनेमाच्या आणि कॅलेंडरच्या चित्रांत आली, त्यात पंडितांचा मोठा वाटा आहे.

खट्याळपणाही होता. १९५१ मध्ये मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या 'आवाज'ची खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेल्या खिडकीतून भलतंच काहीतरी दिसायचं आणि पान उलटलं की साधासुधा प्रसंग निघायचा. वादही झाले. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा अश्लील आहे म्हणून खटला चालला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ मध्ये कथा अश्लील नसल्याचा निकाल लागला. असे अंक घरात उघड्यावर ठेवले जात नसत. कदाचित त्यामुळेच काही ट्रंकांच्या तळाशी शाबूत राहिले असतील.

मग मूळ चित्रं कुठे गेली?

हे समजण्यासाठी तेव्हाची छपाई समजून घ्यावी लागेल.

चित्रकार जाड कागदावर किंवा बोर्डवर जलरंगात, पोस्टर कलरमध्ये चित्र काढून द्यायचा. ते ब्लॉकमेकरकडे जायचं. तिथे कॅमेऱ्यानं एकेक रंग वेगळा केला जायचा आणि प्रत्येक रंगाचा धातूचा ब्लॉक बनायचा. मग प्रेसमध्ये एकावर एक रंग छापले जायचे. ब्लॉक तयार झाला की सगळ्यांना जपावासा वाटायचा तो ब्लॉक, कारण तो पुन्हा वापरता यायचा. चित्र प्रेसच्या कपाटात, ब्लॉकमेकरच्या टेबलाखाली, नाहीतर प्रकाशकाच्या माळ्यावर जायचं.

मुंबईची दमट हवा, गळके माळे, बंद पडलेली मासिकं, विकलेल्या प्रेस. अमेरिकेत झालं तेच इथेही झालं. फरक एवढाच की तिथे चित्रं संपायच्या आत संग्राहक उभे राहिले.

आपल्याकडे कला म्हटलं की प्रदर्शनातलं चित्र आणि धंदा म्हटलं की मासिकातलं चित्र, अशी वाटणी पक्की होती. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. त्यांचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ३७ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. पण हुसेन यांनी रंगवलेली होर्डिंग्ज कुणी जपली नाहीत.

हळूहळू चित्र बदलतंय. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर यांनी पोस्टकार्डं, पुस्तकं, मासिकं यांसाठीही भरपूर काम केलं होतं. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. छापण्यासाठी काढलेलं चित्रही संग्रहालयाच्या भिंतीवर लागू शकतं, हे त्यातून लोकांना दिसलं.

याचा चंद्रपूर-गडचिरोलीशी काय संबंध?

दोन संबंध आहेत.

पहिला वाचनालयांचा. दिवाळी झाली की गावातलं वाचनालय अंकांची खास वर्गणी घेतं आणि महिनाभर अंक घरोघरी फिरतात. जागा संपली की जुने अंक रद्दीत निघतात. मूळ चित्र हरवलेलं असेल तर छापील अंक हाच त्या चित्राचा शेवटचा पुरावा असतो. म्हणून आज जुन्या अंकाची चांगल्या अवस्थेतली प्रतही महत्त्वाची आहे.

आणि इथल्या प्रतींवर एक गंमतीची खूण सापडू शकते. ती म्हणजे वाचनालयाचा शिक्का. शिक्क्यावर 'जि. चांदा' असेल तर तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण त्यानंतर जिल्ह्याचं नाव चंद्रपूर झालं. जुनं नाव आज चांदा फोर्ट स्टेशनच्या पाटीवर दिसतं. गडचिरोलीच्या पत्त्यापुढे 'जि. चंद्रपूर' असेल तर तो बहुधा २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. जुना शिक्का बरीच वर्षं वापरला जाऊ शकतो, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही. पण अंक कुठून कुठे गेला हे सांगणारी अशी प्रत्येक खूण संग्राहकासाठी मोलाची असते. म्हणूनच शिक्का खोडायचा नाही आणि शिक्क्याचं पान फाडायचं नाही.

दुसरा संबंध झाडीपट्टी रंगभूमीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. शंकरपट असो वा मंडई, रात्री नाटक हवंच आणि ते पहाटेपर्यंत चालणार. गडचिरोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ही रंगभूमी महाराष्ट्राच्या इतर भागातही चर्चेत आली.

या नाटकांमागे रंगवलेले पडदे असायचे. महाल, जंगल, रस्ता, गरिबाचं घर. तेही हातानं काढलेलं, पैसे घेऊन काढलेलं, लोकांना खेचायला काढलेलं चित्र. त्याच्यावरही बहुतेकदा सही नसते. फ्लेक्स आल्यापासून सगळीकडेच हातानं रंगवणाऱ्या पेंटरचं काम आटलंय. जुना पडदा फाटला की त्याची ताडपत्री होते. १९५० च्या दशकात अमेरिकन गोदामातल्या कॅनव्हासचं जे होत होतं, तेच.

म्हणजे दलाल-मुळगावकरांचं मूळ चित्र वडशाला सापडेल की नाही, हा वेगळा प्रश्न. पण आजच्या घडीला वाचवता येईल असं मूळ चित्र इथे नक्की आहे, आणि ते रंगवणाऱ्या पेंटरला त्याचं नाव विचारता येईल असे दिवसही अजून आहेत.

मूळ चित्र आणि छापील प्रत कशी ओळखायची?

साधं भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं असेल तर उत्तम.

१. ठिपके दिसतात का पाहा. छापील चित्रात रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो आणि ठिपक्यांची ओळ शिस्तीत असते. हातानं काढलेल्या चित्रात ब्रशचे फटकारे, रंगाचे थर आणि खालची पेन्सिलची रेघ दिसते. जुन्या शिळाछापातले ठिपके वेडेवाकडे असतात, म्हणून ते फसवू शकतात.

२. दुरुस्त्या शोधा. मासिकासाठी काढलेल्या चित्रात चूक झाकायला लावलेला पांढरा रंग, वरून चिकटवलेला कागदाचा तुकडा असं काही ना काही असतं. छापल्यावर ते दिसत नाही, मूळ चित्रात दिसतं.

३. कडा बघा. ब्लॉकमेकरसाठी लिहिलेल्या सूचना, मापं, कापण्याच्या खुणा समासात असतात. मासिकाचं नाव टाकायला वरची जागा मोकळी सोडलेली असते. मागच्या बाजूला प्रेसचा किंवा स्टुडिओचा शिक्का असू शकतो.

४. छापील अंकाशी ताडून बघा. मूळ चित्र आकारानं मोठं असतं आणि त्यात छापताना कापला गेलेला भाग शिल्लक असतो. रंगही थोडे वेगळे असतात. विकायला आलेलं चित्र छापील मुखपृष्ठाएवढंच आणि अगदी तेवढंच दाखवत असेल, तर शंका घ्या.

५. कॅनव्हासला भुलू नका. आजकाल कॅनव्हासवर डिजिटल छपाई करून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात. हाताला ब्रशकाम लागतं, पण भिंगाखाली फटकारा एकीकडे आणि रंग दुसरीकडे जाताना दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चित्र विकणाऱ्याकडे कसं आलं, हे लेखी घ्या. ही साखळी तुटली की खऱ्या चित्राचीही किंमत पडते.

कायदा काय सांगतो?

चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला, असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे दलालांच्या चित्रांचा कॉपीराइट २०३१ च्या अखेरपर्यंत, मुळगावकरांच्या चित्रांचा २०३६ च्या अखेरपर्यंत. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचा संपलेला आहे. त्यामुळे मुळगावकरांचं मूळ चित्र तुमच्या घरात असलं, तरी त्याची पोस्टर्स छापून विकायला हक्कदाराची परवानगी लागेल.

हक्कदार कोण? इथे गुंता आहे. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. त्यामुळे कधी चित्रकाराचे वारस, कधी प्रकाशक.

याच कायद्याच्या कलम ५३ अ मध्ये एक फारशी माहीत नसलेली तरतूद आहे. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजार रुपयांच्या वर असेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक असलेला चित्रकार किंवा त्याचे वारस त्या किमतीत वाटा मागू शकतात. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के.

शिवाय १९७२ च्या पुरातन वस्तूंसंबंधीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा यांच्यासह काही चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलासंपदा म्हणून जाहीर झाली आहेत, तीही बाहेर जाऊ शकत नाहीत.

सापडलं तर जपायचं कसं?

चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. कागदाचे हे दोन शत्रू, तिसरी वाळवी. त्यातून स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तुटतो.

– लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही.

– सेलोटेप, गम, स्टेपलर लावू नका. फाटलं असेल तर तसंच सपाट ठेवा.

– पोस्टर कलर पाण्यात विरघळतो. ओल्या फडक्यानं कधीही पुसू नका. कोरडा, मऊ ब्रश पुरे.

– गुंडाळी किंवा घडी करण्यापेक्षा आम्लविरहित कागदात घालून आडवं ठेवा.

– बाहेरच्या भिंतीला, जमिनीला किंवा पत्र्याच्या छताला लागून ठेवू नका. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा.

– नाटकाचा पडदा असेल तर पूर्ण वाळवूनच गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर ठेवून. आत वळवला तर रंगाचा थर दबून तडकतो.

– आणि आधी फोटो काढा. दोन्ही बाजूंचे. सोबत कुणी, कधी, कशासाठी काढलं हे लिहून ठेवा.

थोडक्यात काय?

अमेरिकेतली ही चित्रं आधी महाग होती म्हणून जपली गेली नाहीत. कुणीतरी जपली म्हणून ती नंतर महाग झाली. मराठीतली किती चित्रं उरली आहेत, हे अजून कुणी नीट मोजलेलंही नाही. त्यामुळे किंमत किती मिळेल हा प्रश्न नंतरचा.

तुमच्या गावच्या वाचनालयात या वर्षी जुने अंक निघणार असतील, तर रद्दीवाला यायच्या आत एकदा गठ्ठा चाळून बघा. आणि वडशाच्या एखाद्या गोदामात रंगवलेला पडदा दिसला, तर तो कुणी रंगवला ते विचारा आणि त्या पेंटरचं नाव पडद्याच्या मागे लिहून ठेवा.